आठ महिने डाडच्या यादीत : शिरोलीतल्या एका फाउंड्रीवाल्या बापाचा अभिप्राय

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, मी चोवीस वर्षं क्वालिटी बघतो. रोज हातात मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट असतं. वर कंपनीचं नाव ठळक छापलेलं असतं, पण आमची नजर तिकडं जात नाही. ती थेट खाली उतरते : कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज, फॉस्फरस, सल्फर. माल घ्यायचा की परत पाठवायचा, हे त्या पाच आकड्यांवर ठरतं. थोरल्या पोरीला परदेशात मास्टर्सला पाठवायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, हा प्रांत आपला नव्हे. आठ महिन्यांनी कळलं, कोर्सचं पानसुद्धा असंच वाचायचं असतं. ते ज्या ठिकाणी वाचता आलं, त्या जागेबद्दल लिहितोय. डाडची, म्हणजे जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची, आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांची यादी. इंटरनेटवर आहे, इंग्रजीत आहे आणि एक रुपया लागत नाही.

पोरगी मेकॅनिकल झाली, शिवाजी विद्यापीठाची डिग्री. नंतर एक वर्ष गोकुळ शिरगावला पंपाच्या कारखान्यात होती. तिथं कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, रिजेक्शनचा डबा रोज भरलेला बघून तिच्या डोक्यात घोळायला लागलं, की ही ब्लो होल, म्हणजे वायूनं पडणारी भोकं, येतात कुठून, धातू आकसून होणारं श्रिंकेज आधीच ओळखता येईल का. घरी जेवताना बाप-लेकीचं बोलणं वाळूच्या ओलाव्यावर सुरू व्हायचं आणि तिची आई म्हणायची, "आता पुरे करा, आमटी गार झाली." याच विषयात पुढं शिकायचं, हे तिनंच ठरवलं.

सुरुवात मात्र आम्ही चुकीच्या दारातून केली. शहरातल्या एका कन्सल्टन्सीत गेलो. भिंतीवर सहा-सात देशांचे झेंडे, काचेच्या टेबलावर गुळगुळीत माहितीपत्रकं. समोरचा मुलगा नम्र होता, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण पोरीनं "कास्टिंग, मेटलर्जी" म्हटल्यावर तो म्हणाला, "काका, कास्टिंगला आता स्कोप नाही. मॅनेजमेंट घ्या, इंजिनिअरिंग मॅनेजमेंट." आणि यादी पुढं केली. सात नावं. सातही खासगी संस्था, वर्षाची फी दहा-बारा हजार युरो. मी विचारलं, "सरकारी विद्यापीठं?" तर म्हणाला, "तिथं आपल्या मुलांना मिळत नाही." पाच हजार टोकन भरून आम्ही बाहेर पडलो. ते पैसे परत आले नाहीत, पण मला जास्त लागलं ते त्याचं ते एक वाक्य. जे साफ खोटं आहे ते त्यानं माझ्या पोरीच्या तोंडावर सांगितलं आणि ती कावळा नाक्यापर्यंत गाडीवर एक शब्द बोलली नाही.

खासगी संस्था बोगस असतात असं मी म्हणत नाही. जर्मनीत सरकारमान्य खासगी संस्थाही आहेत आणि कुणाला त्यांचा कोर्स हवासा असेल. माझं म्हणणं एवढंच, की ज्या पोरीला भट्टीपाशी उभं राहायचंय तिला ती यादी कामाची नव्हती आणि दुसरी यादी आहे हे तिला कुणी सांगितलं नाही.

ती दुसरी यादी पोरीच्या एका मैत्रिणीनं दाखवली. पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसलो आणि तिनं शोधात 'फाउंड्री' टाकलं. जवळपास काहीच आलं नाही. तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, "अगं, आपण बाजारात बोलतो तो शब्द तिथं कशाला असेल? तुमच्या सिलॅबसमधला टाक." मग 'मटेरियल सायन्स', 'मेटलर्जी', 'प्रॉडक्शन इंजिनिअरिंग' असं एकेक टाकत गेली तशी पानं उघडायला लागली. ज्यांना शोधायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा. धंद्यातला शब्द वेगळा आणि विद्याशाखेचा शब्द वेगळा. कास्टिंग शिकवणारे लोक मटेरियलच्या किंवा उत्पादनतंत्राच्या कोर्समध्ये दडलेले असतात.

यादी बरीच मोठी आहे, दोन हजारांच्या वर अभ्यासक्रम आहेत. पण डाव्या-उजव्या चाळण्या लावता येतात. बॅचलर, मास्टर्स की पीएच.डी., शिकवण्याची भाषा फक्त इंग्रजी की जर्मन-इंग्रजी, विषय, शहर, फी आहे की नाही, हिवाळी सत्र की उन्हाळी. जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि उन्हाळी एप्रिलात. बरेच कोर्स फक्त हिवाळीत उघडतात, त्यामुळं ही चाळणी चुकली तर वर्ष जातं. आम्ही वाळू चाळतो तशी एकेक जाळी लावत गेलो. मास्टर्स, इंग्रजी, मटेरियल आणि उत्पादन, हिवाळी. आवडलेले कोर्स बाजूला ठेवता येतात. पोरीनं पहिल्या महिन्यात एकतीस ठेवले होते.

आता खरा मुद्दा. प्रत्येक कोर्सच्या पानावर वेगवेगळे भाग असतात : आढावा, अभ्यासक्रमाचा तपशील, खर्च आणि शिष्यवृत्ती, प्रवेशाच्या अटी, सोयी, विद्यापीठाची माहिती. बहुतेक मुलं आढावा वाचतात. वर्णन छान असतं, भविष्याची भाषा असते, प्रयोगशाळेचे फोटो असतात. मी पोरीला म्हटलं, ते नंतर. आधी अटींचा भाग उघड. सर्टिफिकेटचे पाच आकडे तिथं असतात.

तिथं काय सापडतं सांगतो. एका कोर्सला लिहिलं होतं, बॅचलर मटेरियलमध्येच हवं. मेकॅनिकल चालत नाही. गेला. दुसऱ्याला मेकॅनिकल चालत होतं, पण गणिताचे इतके आणि मटेरियलचे इतके ईसीटीएस हवेत. हे ईसीटीएस म्हणजे युरोपातले क्रेडिट. एका वर्षाला ६० आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. मास्टर्स बहुधा १२० चं असतं, दोन वर्षांचं. आपल्या मार्कलिस्टवरचे क्रेडिट वेगळ्या मापाचे असतात, थेट जुळत नाहीत. म्हणून नुसती मार्कलिस्ट पुरत नाही, प्रत्येक विषयात काय शिकवलं, किती तास, याचं वर्णन द्यावं लागतं. पोरीनं कॉलेजात जाऊन चार वर्षांचा सिलॅबस सही-शिक्क्यानिशी आणला. त्याला सतरा दिवस लागले, चार हेलपाटे झाले. ज्यांची मुलं आता शेवटच्या वर्षाला आहेत त्यांनी हा कागद कॉलेज सोडायच्या आधीच घ्यावा, एवढं मी हात जोडून सांगतो.

मग गुणांचं गणित. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास, आपल्या उलट. रूपांतराला एक सूत्र आहे, त्याला बव्हेरियन सूत्र म्हणतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकानं भागायचं, तिनानं गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. पोरीचा सीजीपीए ७.६. कमाल १०, किमान ४ धरलं तर २.२ येतो. किमान ५ धरलं तर तोच २.४ होतो. बऱ्याच कोर्सना २.५ ची मर्यादा होती, म्हणजे दोन्हीकडून ती आत होती, पण एका ठिकाणी २.३ हवा होता. तिथं किमान गुण कोणते धरणार यावर सगळं अडलं. आपल्या ट्रान्सक्रिप्टवर उत्तीर्ण होण्याचे किमान गुण स्पष्ट छापलेत का, हे तपासून घ्या. आमच्याकडं नव्हते. वेगळं पत्र घ्यावं लागलं.

या एका भागानं एकतीसचे अकरा झाले. त्या रात्री पोरगी नाराज होती. मला मात्र बरं वाटत होतं. वीस ठिकाणी अर्ज करून नकार घेण्यापेक्षा घरात बसून वीस बाद करणं चांगलं. मशिनिंगला जाऊन कास्टिंग फुटण्यापेक्षा फेटलिंगमध्येच, म्हणजे माल घासून साफ करतानाच, दोष सापडलेला परवडतो.

फीचा भाग वाचताना एक भाबडी समजूत सोडावी लागते. आपल्याकडं सर्रास म्हणतात, जर्मनीत शिक्षण फुकट. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही हे खरं, फक्त सत्राचं एक वर्गणीवजा शुल्क असतं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूहे वगैरे, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली, मास्टर्सला सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो. शिवाय नोकरी करणाऱ्यांसाठीचे म्हणून जे मास्टर्स असतात, त्यांना सरकारी विद्यापीठातही फी असते. हे सगळं त्या पानावर आकड्यात लिहिलेलं असतं. कुणाला विचारायची गरज नाही.

खर्च तरी लागतोच. व्हिसासाठी गोठवलेलं खातं काढावं लागतं, त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवायचे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाखांच्या घरात. पैसे आपलेच राहतात, तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो हातात येतात. पण एकदम उभे करायचे म्हणजे आमच्यासारख्या पगारदाराला कळंब्याचा प्लॉट तारण ठेवावा लागला. आरोग्यविमा महिन्याला साधारण सव्वाशे ते दीडशे युरो, तो वेगळा. कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे, त्याचे आम्ही १८,००० रुपये भरले. अर्ज पुष्कळ ठिकाणी युनी-असिस्टमार्फत, म्हणजे विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत, जातात. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३०. पोरीनं सहा अर्ज केले, चार तिथून आणि दोन थेट विद्यापीठाच्या पोर्टलवर. चारांचे १६५ युरो. कन्सल्टन्सी जी 'प्रोसेसिंग फी' मागत होती तिच्या तुलनेत हा आकडा बघा.

शिष्यवृत्तीबद्दल लोक विचारतात म्हणून लिहितो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं अनुसूचित जातीच्या मुलांसाठी परदेश शिष्यवृत्ती आहे, सारथीची सयाजीराव गायकवाडांच्या नावानं आहे. दोन्ही मोठ्या आधाराच्या. पण त्यांना जागतिक क्रमवारीची अट आहे आणि आमच्या विषयाची काही फार चांगली विद्यापीठं छोटी असल्यामुळं त्या क्रमवारीत वर दिसत नाहीत. जिच्या घरची ऐपत नाही त्या मुलीनं आधी क्रमवारी बघावी आणि मग कोर्स, तिच्यासाठी क्रम उलटा. हे लिहिताना माझ्या मनात माणगाव येतं. १९२० साली तिथं बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेला शाहू महाराज आले होते, त्याच वर्षी बाबासाहेब पुढं लंडनला परत शिकायला गेले आणि त्या मुक्कामात त्यांनी बॉनच्या विद्यापीठातही नाव नोंदवलं. डाडचं मुख्य कार्यालय आज त्याच बॉनमध्ये आहे. पोरीला हे सांगितलं तेव्हा तिनं भिंतीवरच्या नकाशात बॉन शोधून पेन्सिलीनं गोल केला.

काही गोष्टी या यादीत मिळत नाहीत, तेही सांगायला हवं. ही आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांची यादी आहे, जर्मनीतले सगळे कोर्स इथं नाहीत. ज्याला जर्मन येतं त्यानं 'होखशूलकोम्पास' बघावं, तिथं वीस हजारांच्या वर अभ्यासक्रम आहेत. आपली डिग्री तिथं मान्य आहे का, हे 'अनाबीन' नावाच्या वेगळ्या नोंदवहीत बघायचं आणि तिथं कॉलेजचं नाव शोधू नका, डिग्री देणाऱ्या विद्यापीठाचं शोधा. शिवाय शेवटचा शब्द नेहमी विद्यापीठाच्या स्वतःच्या पानाचा. एका विद्यापीठाच्या बाबतीत आम्ही १५ जुलै ही तारीख धरून बसलो होतो. त्यांच्या विभागाच्या पानावर परदेशी अर्जदारांसाठी मुदत कितीतरी आधीची होती. ती बातमी आम्हाला उशिरा लागली आणि अर्ज गेला नाही. पोरगी रडली. त्या दिवसापासून प्रत्येक कोर्ससमोर दोन रकाने केले : यादीतली तारीख आणि विभागाच्या पानावरची तारीख. दोन्ही जुळल्या की हिरवी खूण.

स्वीडनही बघितलं होतं. यॉनशॉपिंगच्या विद्यापीठात कास्टिंगवर चांगलं काम चालतं. तिथं सगळ्या देशाचा एकच अर्ज असतो, मास्टर्सचे चार पर्याय टाकता येतात, अर्जाचे ९०० क्रोनर. पद्धत फार सुटसुटीत. पण युरोपबाहेरच्यांना फी आहे आणि ती आमच्या आवाक्यातली नव्हती. तिथंच थांबलो.

शेवटच्या अकरात एक पान होतं फ्रायबेर्गच्या खाण-अकादमीचं. तांत्रिक विद्यापीठच आहे, पण नावात अजून 'खाण-अकादमी' ठेवलंय. १७६५ सालची संस्था, चांदीच्या खाणींवर वसलेलं गाव, ड्रेस्डेन आणि केम्निट्झच्या मधलं. इंडियम आणि जर्मेनियम ही मूलद्रव्यं तिथंच सापडली, १८६३ आणि १८८६ ला. आम्ही दोघांनी ते पान आधी दोनदा बाजूला सारलं होतं, कारण नाव कधी ऐकलं नव्हतं. मग अटींचा भाग वाचला, पोरगी बसत होती. विभागाच्या पानावर गेलो तर तिथं फाउंड्रीची स्वतंत्र संस्था. वितळवण्याच्या भट्ट्या, वाळूची प्रयोगशाळा. मी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. उभ्या आयुष्यात मी जे काम केलं, आमच्या अडीच-तीनशे फाउंड्र्यांच्या गावात ज्याला पोरं 'घाणीचं काम' म्हणतात, त्याचं विद्यापीठात एक घर आहे. तो क्षण त्या कन्सल्टन्सीच्या यादीतून मला कधीच मिळाला नसता.

दोन ठिकाणचं बोलावणं आलं, तिनं हेच घेतलं. जर्मनची ए१, ए२ पातळी तिनं ऑनलाइन केली, परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनला. कोर्स इंग्रजीत असला तरी दुकानात, घरमालकाशी, भट्टीवरच्या माणसाशी जर्मनच लागतं, हे ती आता रोज सांगते. गेल्या ऑक्टोबरात गेली. गाव छोटं, आपल्या गडहिंग्लजसारखं, संध्याकाळी सातला शुकशुकाट. थंडीनं पहिल्या महिन्यात हैराण झाली. आईनं दिलेला कांदा-लसूण मसाला डिसेंबरातच संपला, तो पोस्टानं पाठवायचा खर्च मसाल्याच्या तिप्पट आला तरी पाठवला.

मार्क द्यायचे तर माझ्याकडून पाचात साडेचार. अर्धा यासाठी ठेवलाय, की ही यादी मराठीत असती तर कागलच्या, राधानगरीच्या, चंदगडच्या घरात बापाला पोरीशेजारी बसून वाचता आली असती. मला कामामुळं इंग्रजी थोडं येतं म्हणून जमलं.

सध्या रविवारी सकाळी शेजारचा पोरगा येतो, बी.एस्सी. केमिस्ट्री. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "काका, फी किती हाय ते बघूया की आधी." मी त्याला अटींच्या भागावर नेलं. एका कोर्सला गणिताचे पंधरा ईसीटीएस मागितलेत आणि त्याच्या दुसऱ्या वर्षाचा सिलॅबस अजून कॉलेजकडून यायचाय. तो आला की पुढची ओळ वाचू.